भाड्याच्या गेममधल्या चौदा गाई

नाही, पण मला एक सांगा, स्वेटर मार्च महिन्यात कोण घेतं? आमचे पप्पा घेतात! छत्री? छत्री दिवाळीत! कूलर डिसेंबरमध्ये! आणि फटाके... फटाके आम्ही भाऊबीज उलटली की आणतो, कारण तेव्हा स्टॉलवाला उरलेला माल निम्म्या भावात काढतो. मग सगळी गल्ली गप झालेली असताना आमच्याच दारात एक भुईनळा सूंऽऽ करून उडतो आणि शेजारचे काका दार किलकिलं करून विचारतात, 'काय हो रविकांतराव, इंडिया जिंकली का?' त्यावर पप्पांचं उत्तर ठरलेलं. 'पैसे तर वाचले!'

आता अशा माणसाकडे मी व्हिडिओ गेम मागितला. चूक माझीच.

तसं मी काही मागत नाही. मी बोलतच नाही फारशी. आत्ता तुमच्याशी एवढं बोलते आहे, कारण तुम्ही नुसते बसून आहात, मधेच काही विचारत नाही. शाळेत कुणी नाव विचारलं की माझ्या घशात लाडू अडकल्यासारखं होतं. आणि नाव तरी काय? राजकन्या! राजकन्या नावाची मुलगी तिसऱ्या बाकावर भिंतीला चिकटून बसलेली शोभते का? पण बसते मी. जूनमध्ये पप्पांची बदली इस्लापूरहून लातूरला झाली. इस्लापुरात वर्गात सतरा जण, त्या सतरांना माहीत होतं की ही बोलत नाही, म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. लातुरात वर्गात बहात्तर जण, आणि सगळे सदानकदा ट्यूशनला पळत असलेले. डबा खाताना मुली विचारतात, 'तुझे केमिस्ट्रीचे सर कोण गं?' अहो, मी नववीत आहे! मला अजून केमिस्ट्रीचे सर नाहीत! तर मग बोलायचं कशावर? पहिल्या महिन्यात वर्गातलं कुणी माझ्याशी बोललं त्यातलं सगळ्यात मोठं वाक्य होतं, 'सरक थोडी, फळा दिसत नाही.'

म्हणून गेम. आईच्या मोबाइलवर मी त्याचा व्हिडिओ पाहिला होता. शेतीचा गेम. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, गाई पाळायच्या. कुणी कुणाला मारत नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही.

पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. 'शेतीचा गेम? अगं, तिकडं उदगीरला तुझ्या आजोबाला खुरपायला माणूस मिळंना, अन् तू इथं पैसे भरून नांगर हाकणार? केवढ्याला हाय?'

मी सांगितलं. पप्पा उभे होते ते खाली बसले.

'चार हजार? अन् मशीन वेगळी? ... थांब. भाव उतरू दे.'

आणि तुम्हाला सांगते, नंतर तीन दिवस ऑफिसातून आल्यावर पप्पा तेच करायले! कुठला गेम कधी आला, सेल कोणत्या महिन्यात लागतो, जुनी सीडी कोण विकतं, सीडीवर किती चरे चालतात... गेम खेळायचा मला आणि अभ्यास पप्पांचा! चौथ्या दिवशी निकाल लागला. 'एक-दीड वर्षात निम्म्यावर येतंय. तवर भाड्यानं खेळ.'

भाड्यानं कुठे, तर भीमाशंकर अण्णांकडे. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. दुकान मूळचं लग्नाच्या भांड्यांचं. पातेली, कढया, झारे, सतरंज्या, नवरदेवाची खुर्ची. त्यांच्या पुतण्यानं पुण्याला जाताना दोन गेमच्या मशीन तिथे टाकून दिल्या, आणि अण्णांनी त्या कढयांशेजारच्या फळीवर ठेवून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. नियम मात्र कढईचेच! मशीन परत आणताना पुसून आणायची. वायरी झाऱ्यांसारख्या मोजून घ्यायच्या. पावती घरातल्या कर्त्या माणसाच्या नावावर. आणि रेट... रेट तिथीप्रमाणे!

म्हणजे काय, तर ज्या दिवशी लग्नाची तिथी, त्या दिवशी गेमचं भाडं दीडपट. पप्पा म्हणाले, 'अहो अण्णा, लग्नाचा अन् गेमचा काय संबंध?' अण्णा शांतपणे म्हणाले, 'साहेब, धंद्याचा कायदाच हाय. तिथीला माल महाग. पातेलं काय अन् मशीन काय, मालच हाय की.'

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं. पप्पांचे डोळे चमकले. 'म्हंजे तिथी नसंल तव्हा?' 'तव्हा स्वस्त.' 'चातुर्मासात?' 'लई स्वस्त.' 'अन् पितृपक्षात?' अण्णा म्हणाले, 'पितृपक्षात कोण इचारतंय साहेब, निम्म्यात न्या!' त्या दिवसापासून आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर पप्पा माझ्या गेमसाठी बघतात. बाकीची मुलं गेम खेळतात ती सुट्टी बघून, मी खेळते पंचांग बघून. त्यातही दोन मशीनपैकी जुनी घ्यायची, कारण तिचा रिमोट डावीकडे ओढतो म्हणून ती अजून स्वस्त. सरळ चालायचं म्हटलं तरी माझा ट्रॅक्टर डावीकडे कलतो. पण पैसे तर वाचले!

पहिल्या शनिवारी मशीन घरी आली, टीव्हीला जोडली, गेम लावला... तर आत आधीच कुणाचं तरी शेत! कुणीतरी निम्मं नांगरून ठेवलेलं, गोठ्यात दोन गाई, ट्रॅक्टर कडुलिंबाच्या नाही, पण कुठल्यातरी परदेशी झाडाखाली नीट सावलीत लावलेला. नवीन शेत सुरू करावं तर मशीनची मेमरी भरलेली. जुनं पुसावं तर अण्णा फोनवर ओरडले, 'पुसायचं न्हाई! दुसऱ्या गिऱ्हाइकाचं हाय ते! तुमी त्याच्यातच खेळा.' मग काय करणार? मी उरलेलं निम्मं नांगरलं आणि रविवारी मशीन परत दिली.

पुढच्या शनिवारी बघते तर कुणीतरी पेरलेलं! आणि कसं पेरलेलं, माहीत आहे? सहा ओळी सोयाबीन, मग एक पट्टा वेगळा. पुन्हा सहा ओळी सोयाबीन, पुन्हा पट्टा. त्या परदेशी गेममध्ये तूर नाही हो, म्हणून त्या माणसानं तुरीच्या जागी सूर्यफूल लावलं होतं! मी टीव्हीसमोर उभीच राहिले. असं आमचे आजोबा पेरतात. गेम बनवणाऱ्या कुठल्या गोऱ्या माणसाला हे सुचणार नाही. म्हणजे हे शेत ज्याचं आहे, ते माणूस आपल्याकडचं आहे, आणि ते इथेच लातुरात कुठेतरी राहतं, आणि अण्णांकडून हीच स्वस्तातली मशीन नेतं, आणि त्याचाही ट्रॅक्टर डावीकडे कलतो!

मग माझा आठवडा बदलला. सोमवार ते शुक्रवार मी वर्गात भिंतीकडे सरकून बसायचे आणि मनात म्हणायचे, आता त्यानं खत टाकलं असेल का? शनिवारी बघावं तर टाकलेलं. मी पाणी द्यावं, त्यानं फवारावं. मी गवत कापावं, त्यानं गोठ्यात नेऊन टाकावं. आजोबा उदगीरला ज्याला बटई म्हणतात ना, शेत एकाचं, राबणारा दुसरा, आणि माल निम्मा-निम्मा, तसंच झालं हे. फक्त आमच्यात मालक कोण आणि बटईदार कोण, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

आणि एका शनिवारी मी घोळ केला. दोन शेतांच्या मधे गवताची एक पट्टी तशीच सोडलेली होती. मला वाटलं, राहून गेली बिचाऱ्याची. मी मोठ्या प्रेमानं ती नांगरून टाकली. पुढच्या शनिवारी उघडलं तर फाटकात ट्रॅक्टर आडवा लावलेला! आत जायलाच येईना. कशीबशी वळसा घालून गोठ्यात गेले, तर तिथे एका गाईचं नाव बदललेलं. गेममध्ये गाईंना नावं देता येतात, इंग्रजी लिपीत, बारा अक्षरांपर्यंत. आधी तिचं नाव होतं गौरी. आता गौरीच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'बांध कोरला'.

बांध! मी बांध कोरला होता! आजोबांच्या गावात ज्यावरून सख्खे भाऊ तीस-तीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तो गुन्हा मी, राजकन्या, नववी ब, गेममध्ये केला होता!

आणि तुम्हाला खरं सांगू? हसू नका... मला इतका आनंद झाला! लातुरात येऊन दोन महिने झाले होते, आणि माझ्यावर रागावलेलं ते पहिलं माणूस होतं. मी गप्प असते म्हणून सर रागवत नाहीत, कशात नसते म्हणून मुली रागवत नाहीत. रागवायलासुद्धा आपण आहोत हे समोरच्याला ठाऊक असावं लागतं. मी लगेच गवताचं बी आणून बांध पुन्हा घातला आणि दुसऱ्या गाईला नाव दिलं, 'चुकले'.

पुढच्या शनिवारी गौरीच्या डोक्यावर, 'असू दे'. आणि तिसरी गाय! नवी विकत घेतलेली! तिच्या डोक्यावर, 'कोण हायस'.

झालं! आता उत्तर द्यायचं तर गाय लागणार. दोन गाईंत किती बोलणार? मी एक घेतली, तिकडून एक आली. गप्पा वाढल्या तशा गाई वाढल्या. 'पेपर', 'अवघड', 'गेला' या तीन गाई माझ्या. 'रडू नको' आणि 'जेवलास का' या दोन तिकडच्या. 'जेवलास का'! त्या माणसाला मी मुलगा वाटले, कारण 'चुकले'मधून कुणाला काही कळलं नाही वाटतं. मी ठरवलं, सांगू कधीतरी. मी सगळंच कधीतरी सांगणार असते. श्रावण संपेपर्यंत गोठ्यात चौदा गाई झाल्या. चारा पुरेना. सोयाबीन आलं की विकायचं आणि गाई घ्यायच्या, पुन्हा चारा घ्यायचा. असली तोट्यातली शेती त्या गेमनंही कधी बघितली नसेल. पण आमचं बोलणं होत होतं ना!

तिकडच्या गाईंवरून मला इतकंच कळलं की ते माणूस बुधवारी मशीन नेतं, एकटं राहतं, गाव देगलूरकडचं, आणि बुधवारी त्याला सुट्टी असते. एका गाईचं नाव होतं, 'पाय दुखतात'. त्या गाईला मी दोन वेळा जास्त चारा घातला.

आणि मग तो शनिवार आला. दर शनिवारी मी पप्पांच्या मागे स्कूटरवर बसून जायचे आणि दुकानात पप्पांच्या पाठीमागे उभी राहायचे. त्या दिवशी पप्पा स्कूटर फुकट कुठे लावता येईल ते शोधत होते, म्हणून मी एकटीच आत गेले. आत एक बाई उभी. खाकी ड्रेस, खांद्यावर चामडी बॅग, छातीवर बिल्ला. एसटीच्या कंडक्टर. हातात आमची मशीन! म्हणजे... अण्णांची मशीन.

'अण्णा, ह्या हप्त्याला सुट्टी बुधवारची शुक्रवारी दिली डेपोनं, म्हणून आज आणायले.' आवाज असा, की भरलेल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत जावा. 'बरं मला सांगा, ते शनिवारचं गिऱ्हाईक कोण हाय हो? लई गोड लेकरू हाय बगा! त्याचा पेपर अवघड गेला म्हणं, मी म्हणलं रडू नको माझ्या राजा...'

मी तीन हातांवर उभी होते. तीन हात! मधे फक्त एक मोठं पातेलं. फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर! मी तोंड उघडलंसुद्धा. लाडू अडकला.

आतून अण्णांनी पावतीबुक चाळलं. 'शनिवार... शनिवार... हां! रविकांत साहेब.'

'साहेब?'

'हाव की. पंचायत समितीला हायत. टक्कल, चष्मा.'

'अन् पेपर?'

'खात्याची परीक्षा असंल.'

बाईंचा चेहरा असा झाला, असा झाला... 'अगं माय माय माय! मी त्या बाप्याला जेवलास का म्हणून गाय लिवली की हो!'

आणि नेमके तेव्हाच पप्पा आत आले. चष्मा, टक्कल, सगळं घेऊन. अण्णा म्हणाले, 'हे बगा, शंभर वर्षं आयुष्य! आले साहेब!' बाईंनी पप्पांना पायापासून टकलापर्यंत एकदा बघितलं, पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखा हात केला, आणि पातेल्यामागच्या माझ्याकडे एक नजर टाकून झपाझप निघून गेल्या. पप्पा म्हणाले, 'कोण हो या? ... बरं अण्णा, आज तिथी न्हाई ना?'

मी घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून ते एक अक्षर म्हणत होते. मी, मी, मी. स्कूटरवर छान जमत होतं.

पुढच्या शनिवारी शेत उघडलं. सगळ्या गाईंची नावं पुसलेली. गाय एक, गाय दोन, गाय तीन... चौदापर्यंत. नांगरट नाही, पेरणी नाही, फवारणी नाही. ट्रॅक्टर झाडाखाली. मी एका गाईवर लिहिलं, 'मी मुलगी आहे'. पण पुढच्या बुधवारी ते शेत कुणी उघडलंच नाही. माझी गाय तशीच उभी होती, तेच सांगत, बाकीच्या तेरा गाईंना.

त्यात पितृपक्ष लागला. आणि पितृपक्षात आमच्या पप्पांना जे होतं ते इतरांना दिवाळीत होतं. एका संध्याकाळी ते आले ते हातात खोकं घेऊन, मिशीतल्या मिशीत हसत. 'ओळख काय हाय!' कुणाची तरी वापरलेली मशीन, आणि सोबत तोच गेम! 'पितृपक्षात लोक नवी चीज घरात आणत न्हाईत. गिऱ्हाईकच न्हाई दुकानात. निम्म्याच्या खाली आणलं पाडून! अन् रिमोट बघ, सरळ चालतो!' पप्पा इतके खूश होते की त्यांनीच वायरी जोडल्या. एका कर्त्या माणसानं वर्षभराच्या आत शब्द पाळला होता. पैसे तर वाचले! मी 'थँक्यू पप्पा' म्हणाले. तेवढं आलं मला.

आणि आता माझं स्वतःचं शेत. एवढं मोठं! मेमरी मोकळी, ट्रॅक्टर सरळ. मी नांगरलं, पेरलं, सूर्यफुलाचे पट्टे सोडले, मधे बांधही ठेवला. बांध कुणासाठी ठेवला कोण जाणे, पलीकडेही मीच होते. एक गाय घेतली आणि तिला नाव दिलं, 'कोण हायस'. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, बूट न काढता टीव्ही लावला. गाईच्या डोक्यावर 'कोण हायस'. तिसऱ्या दिवशी? 'कोण हायस'. मला माहीत होतं हो, की तेच असणार! मशीन आमच्या घरात, दार बंद, कोण येऊन बदलणार? आईसुद्धा दळण आणायला गेलेली. तरी मी आठ दिवस रोज बघत होते.

नवव्या दिवशी मी आत्यानं दिलेले पैसे कंपासपेटीत ठेवले आणि चालत गंजगोलाईला गेले. एकटी. अण्णा कढईवरचं नाव रंगवत होते. म्हणाले, 'साहेब कुठं हायत?' अण्णांनी एक पूर्ण कढई रंगवली. मग मी म्हणाले, 'पावती माझ्या नावावर करा.'

'तुझ्या? कायद्यात बसत न्हाई बाळ. कर्ता माणूस लागतो.'

आणि तुम्हाला सांगते, मला काय झालं माहीत नाही, मी म्हणाले, 'शेत मीच करते अण्णा. पप्पांना नांगर कुठला आणि पेरणीयंत्र कुठलं तेसुद्धा कळत नाही.' एवढं मोठं वाक्य! जूनपासूनचं सगळ्यात मोठं! अण्णांनी ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि म्हणाले, 'मंग ते बाईला लिवत हुतं ते लेकरू...' मी मान हलवली. ते डोक्याला हात लावून खाली सतरंजीवरच बसले. 'अन् मी त्या बबिताबाईला म्हणलं, खात्याची परीक्षा!'

बबिता. नाव मला तेव्हा कळलं.

मशीन घरी नेता येत नव्हती, घरी मशीन होती ना! म्हणून अण्णांनी माझ्या नावाची पावती फाडून गोदामात पातेल्यांच्या मधे टीव्ही लावून दिला. उलट्या पातेल्यावर बसून मी चौदा गाईंवर सगळं लिहिलं. राजकन्या. नववी ब. साहेब माझे पप्पा. चूक पावतीची. गाई पुरल्या नाहीत, एक 'सॉरी' राहूनच गेली.

घरी सांगितलं, मैत्रिणीकडे गेले होते. आईनं आनंदानं पप्पांना हाक मारली, 'ऐकलं का, पोरीला मैत्रीण मिळाली!' खोटं नव्हतं ते. अगदी खरंही नव्हतं.

दोन शनिवार काही नाही. तिसऱ्या शनिवारी शेत नांगरलेलं. आणि तीन गाईंवर मिळून, 'आधी सांगायचं', 'की गं', 'येडे'.

मी पातेल्यावरून उठून उभी राहिले. गोदामात नाचता येत नाही, झारे पडतात. दोन पडले.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! भेटा, बोला, चहा प्या! हो ना? ऐका पुढचं. दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांकडे निघाले, लातूर-उदगीर बस, खिडकीची सीट. आणि मागून आवाज आला, 'तिकीट, तिकीट बोला, पास दाखवा...' तोच! शेवटच्या सीटपर्यंत जाणारा! बबिताबाई! त्या एकेका सीटवरून माझ्याकडे येत होत्या आणि मी मनात वाक्य जुळवत होते. 'काकू, मी राजकन्या.' तीनच शब्द. त्या माझ्या सीटजवळ आल्या. थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण माझ्यापाशी आवाज एकदम खाली आला.

'कुठं?'

'उदगीर.'

'एकटीच?'

'हो.'

त्यांनी मशीनमधून तिकीट काढलं. माझ्या हातात दिलं. सुट्टे पैसे दिले. एक रुपया जास्त आला होता, तो मी परत दिला. त्यांनी घेतला. आणखी थोडा वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या, सीटचा दांडा धरून, मग घसा खाकरला आणि... 'मागं सरका हो, मागं सरका!' करत पुढे गेल्या. पूर्ण रस्ताभर आम्ही दोघी एकाच बसमध्ये होतो. मी खिडकीबाहेर सोयाबीनची रिकामी रानं बघत होते. उदगीर आलं, मी उतरले.

सुट्टीवरून आल्यावर पहिल्याच शनिवारी गोदामात जाऊन मी एका गाईवर लिहिलं, 'बसमध्ये होते'. पुढच्या आठवड्यात उत्तर, दोन गाईंवर. 'वळखलं व्हतं'. आणि 'सुचलं न्हाई'.

त्यांनाही सुचलं नाही! ज्या बाई चालत्या बसमध्ये सत्तर माणसांवर ओरडतात त्यांना!

आणि परवा व्हायचं तेच झालं. माझ्या दप्तरात पप्पांना पावती सापडली. गेम मशीन, जुनी, एक. नाव, राजकन्या रविकांत. पप्पा पावतीकडे बघतात, घरातल्या मशीनकडे बघतात, पुन्हा पावतीकडे बघतात. मार्चमध्ये स्वेटर घेणाऱ्या माणसाची मुलगी, घरात फुकट असलेल्या गेमला बाहेर जाऊन भाडं भरते! तेही तिथीच्या दिवशी! मला वाटलं आता ओरडणार. पण पप्पा हळूच म्हणाले, 'कामून गं? घरचा चांगला न्हाई का?'

मी म्हणाले, 'चांगला आहे पप्पा. पण त्यात कुणी नसतं.'

मग मी सगळं सांगितलं. बांध, गाई, बबिताबाई, पप्पांची खात्याची परीक्षा, बस, सगळं. पप्पा चष्मा पुसत ऐकत होते. बराच वेळ पुसला. मग उठले, कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले, बोट फिरवलं आणि वळले तेव्हा चेहरा एकदम उजळलेला! 'हे बघ. त्या बाईला बुधवारी सुट्टी. तू बुधवारी शाळा सुटली की जायचं. दोघी एका टायमाला, एकाच मशीनवर, शेजारी-शेजारी बसायचं. भाडं निम्मं-निम्मं! अन् बोलायचं ते तोंडानं बोलायचं, म्हंजे गाईचा खर्च पण वाचला!'

आता या माणसाला मी कसं सांगू... समोरासमोर बसून बोलता आलं असतं, तर आम्ही दोघींनी चौदा गाई कशाला पाळल्या असत्या?